वळणावर गप्प

रस्त्यावर दात पडले होते, आणि एक अनोळखी माणूस गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होता.

पाऊस पडू की नको अशा विचारात होता. गाडी कडेला सरळ घेऊन, तिचं दार उघडं टाकून मी तशीच उभी होते. त्या माणसाच्या खांद्यावर कुठल्याशा गाडीचा अख्खा बंपर होता. तो त्यानं भिंतीला टेकवला, एक जबडा उचलला, फुंकर मारून माती उडवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे... कुणाचे?"

"वरचे एका मास्तरांचे. खालचे त्यांच्या बहिणीचे."

तो जरा वेळ जबड्याकडे, जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि ते दोघं बरे आहेत ना?"

मला हसू आलं. आत्ताच एका माणसाला उडवता उडवता राहिलेल्या बाईनं हसणं बरं दिसत नाही, पण आलं त्याला काय करणार!

"प्लास्टरचे आहेत हो. माझी आत्या कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन साचे देतात. ते मी आत्याकडे नेते आणि तयार कवळ्या डॉक्टरांकडे पोचवते. हे कालचे, गाडीतच राहिले होते; ब्रेकच्या झटक्यानं दार उघडलं आणि खोकं बाहेर."

"असं होय!" त्यानं जबडा खोक्यात ठेवला, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा. "मग माझंही माप घेऊन ठेवा. आज थोडक्यात वाचले माझे. हॉर्न का नाही वाजवला?"

"वाजवला की!"

"मला नाही ऐकू आला."

"म्हणजे दाबला. वळता वळता चांगला जोरात दाबला. पण तो वाजलाच नाही."

"बघू." त्यानं खिडकीतून हात आत घातला आणि स्टिअरिंगच्या मधोमध अंगठा दाबला.

भोंगा असा काही वाजला, की भिंतीवरची कबुतरं उडाली आणि तो स्वतःच एक पाऊल मागे सरला. मी डोळे मिटून घेतले.

"वाजतो की," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्यात नुसतं कुतूहल होतं... आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दाबून धरलेलं.

"या भिंतीच्या पुढे मामांचं गॅरेज आहे," बंपर उचलत तो म्हणाला. "गाड्यांच्या वायरिंगचं मी बघतो. घेऊन या कधी. खोटं बोलणारा हॉर्न मी अजून पाहिलेला नाही."

खोटं कोण बोलतंय, हॉर्न की मी, ते काही त्यानं सांगितलं नाही. मी घरी पोचेपर्यंत त्याचाच विचार करत होते. घरी पोचल्यावर लक्षात आलं, की मास्तरांचा वरचा एक दात त्या रस्त्यावरच राहिला.

आत्याची लॅब गल्लीच्या टोकाला. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे डाव्या हाताला उंच भिंत. तिच्या पलीकडून हत्ती आला तरी दिसायचा नाही. म्हणून आत्याची सक्त ताकीद होती, की त्या वळणावर स्टिअरिंग फिरवता फिरवताच हॉर्न दाबायचा आणि मगच गाडीचं नाक बाहेर काढायचं. गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत गाडी आत्याच चालवायची. मग चावी माझ्याकडे आली, आणि चावीबरोबर ताकीदही.

ती चावी हातात आली त्या दिवसापासून मी वेगळीच मुलगी झाले होते. त्याआधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेण वितळवा, प्लास्टर कालवा, कवळ्या घासा. नाकात पांढरी पूड, केसांत पांढरी पूड. आरशात बघितलं की वाटायचं, म्हातारपण आलं आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही! गाडीत बसले की खिडकी खाली करून ती सगळी पूड वाऱ्यावर सोडून द्यायचे.

दोन दिवसांनी त्याच वळणावर हॉर्न पुन्हा गप्प बसला. या वेळी समोर कुणी नव्हतं. पुढे जाऊन गाडी थांबवली, दाबून पाहिला, तर ठणठणीत वाजला. मी गाडी तशीच गॅरेजकडे नेली.

फाटकातून आत शिरते न शिरते तोच कुणीतरी ओरडलं, "चाकं सरळ!"

मी दचकून ब्रेक दाबला. एक ठेंगणे, टकलावर चष्मा चढवलेले गृहस्थ हात हलवत आले. हेच मामा.

"आमच्याकडे वाकड्या चाकाची गाडी उभी राहत नाही," ते म्हणाले. "वाकड्या चाकाची गाडी म्हणजे पाय मुडपून झोपलेला माणूस. उठला की लंगडणार. करा सरळ, पोरी. हं... आणखी... बास!"

आतून तो हात पुसत बाहेर आला. मला पाहून ओळखीचं हसला आणि खिशातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

मास्तरांचा दात.

"दुसऱ्या दिवशी सापडला. म्हटलं, नाहीतर मास्तरांची बोलताना शीळ वाजायची."

कालपासून तो दात खिशात घेऊन हा माणूस हिंडत होता? का? मुठीत दात धरून नुसती उभी राहिले.

"हॉर्न केव्हा बंद पडतो?" त्यानं विचारलं.

"गरज असते तेव्हा."

"आणि वाजतो केव्हा?"

"गरज नसते तेव्हा."

"अशी माणसं पुष्कळ पाहिली," तो म्हणाला, "हॉर्न पहिलाच."

त्यानं बटण दाबलं. वाजला. पुन्हा दाबलं. पुन्हा वाजला. मामा लांबून म्हणाले, "चांगला गळा आहे!" मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

पण तो हसला नाही. बॉनेट उघडून वाकला आणि मला जवळ बोलावून दाखवू लागला. "हे बघा, आवाज यायच्या आधी वीज लांबून चालत येते. ही बॅटरी, तिचं घर. हा फ्यूज. जास्त वीज आली तर स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. आणि हा रिले, म्हणजे दारवान. तुम्ही बटण दाबता ती त्याला नुसती खूण. खूण मिळाली की तो टक् करून दार उघडतो आणि वीज हॉर्नकडे सोडतो. कान द्या."

मी कान दिला. त्यानं खिडकीतून हात घालून बटण हलकेच दाबलं. भोंग्याच्या आत दडलेलं ते बारीकसं 'टक्' मला खरंच ऐकू आलं. आमची डोकी बॉनेटखाली अगदी जवळ होती. त्याच्या बाहीला तेलाचा आणि साबणाचा वास येत होता.

"ऐकलं?"

"हो."

टक् ऐकलं ते रिलेचं की माझं, हे मला नीट सांगता आलं नसतं.

त्यानं फ्यूज बदलला, त्याच्या चिमट्यांवरचा गंज खरवडला. "आता बघा," म्हणाला.

मी बघितलं. चार दिवस हॉर्न छान वाजला, आणि मला त्याचा राग येऊ लागला. गाडीचा हॉर्न वाजतो म्हणून चिडणारी बाई जगात मी एकटीच असेन. पाचव्या दिवशी वळणावर तो गप्प झाला. ब्रेक दाबत मी घाबरलेही आणि — कसं सांगू — मनातल्या मनात खुदकन हसलेही. आता घाबरणं खरं की हसणं खरं? काही केल्या कळेना.

दुसऱ्या खेपेला त्यानं दारवान बदलला. त्यासाठी शेजारच्या एका गाडीतला रिले काढून आमच्या गाडीत लावून पाहिला, आमचा तिच्यात लावला. दोन्ही गाड्या ओरडल्या. मामाही ओरडले. मग गाडी घेऊन तो स्वतः समोरच्या लांब सरळ रस्त्यावर एक फेरी मारून आला, जाताना वाजवत, येताना वाजवत.

"वाजतो," उतरताना तो म्हणाला.

"माझ्याशीच वैर आहे त्याचं."

"तुमच्या गाडीत इतके दात, आणि बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द नाही! मालकिणीवर गेली असेल."

"मी बोलते की."

"बोलता. पण विचारलं त्याचं उत्तर सोडून."

"काय विचारलंत तुम्ही?"

तो थांबला. हातातला स्क्रू-ड्रायव्हर उगाच फिरवला. "...काही नाही. रिले जुनाच बरा आहे, परत लावतो."

तिसऱ्या खेपेला पाऊस चांगला कोसळत होता. गॅरेजच्या पत्र्यावर इतका आवाज, की ओरडून बोलावं लागे. त्यानं गाडीच्या तोंडातून हॉर्नच काढला, टेबलावर ठेवला आणि उघडला. मला वाटलं होतं, आत काहीतरी मोठं यंत्र असेल. होतं काय, तर तांब्याच्या तारेचं एक रीळ, एक लोखंडी पातळ पडदा आणि दोन इवलेसे ठिपके एकमेकांना टेकलेले.

"एवढंच?" मी ओरडले.

"एवढंच!" तोही ओरडला. मग जवळ सरकून साध्या आवाजात सांगू लागला. "वीज आली की हे रीळ लोहचुंबक होतं आणि पडद्याला आपल्याकडे ओढतं. पडदा ओढला गेला की हे ठिपके एकमेकांपासून सुटतात. सुटले की वीज तुटते. वीज तुटली की चुंबकाची ओढ जाते, पडदा आपल्या जागी परत. परत आला की ठिपके टेकतात, आणि पुन्हा ओढ."

"म्हणजे ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं?"

"डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा. ती जी मधली थरथर आहे ना... तिलाच आपण आवाज म्हणतो."

"आणि एकदाचं ओढून घट्ट धरूनच ठेवलं तर?"

"तर नुसतं टक् होईल आणि सगळं गप्प."

मी पडद्यावर बोट ठेवलं. थंडगार होता. त्याचं बोटही तिथेच, कडेला होतं. दोघांनीही काढलं नाही, दोघंही पडद्याकडेच बघत राहिलो. पत्र्यावर पाऊस धोधो कोसळत होता, त्यामुळे बोलायला नको होतं, ते एक बरं झालं.

त्यानं ठिपके पॉलिश पेपरनं साफ केले. हॉर्न परत बसवला, त्याची अर्थिंगची तार खरवडून घट्ट आवळली. मी गाडीच्या मागे खोकं नीट लावत होते. पाऊस मंदावला होता, आणि तेव्हाच मामांचं बोलणं मला ऐकू आलं. ते त्याला म्हणत होते, "अरे, काय त्या हॉर्नच्या मागे लागलायस? त्याला काडीचं काही झालेलं नाही. पोरगी तुझ्यासाठी येते. आंधळ्यालाही दिसेल. तू मात्र फ्यूज बदलत बस!"

माझे कान तापले. आता तो हसेल, काहीतरी बोलेल...

आला तो चावी घेऊन माझ्यासमोर. चेहरा एकदम सरकारी. "हॉर्न चांगला आहे," म्हणाला. "त्याच्यात काहीही दोष नाही. आता आणायची गरज नाही."

मी चावी घेतली. "बरं," म्हणाले. फाटकातून बाहेर पडेपर्यंत आरशात पाहिलं नाही. मग पाहिलं. तो तिथेच उभा होता.

रस्ताभर माझ्या डोक्यात नुसतं भांडण. म्हणजे मी खोटारडी! हॉर्नचं निमित्त काढून गॅरेजात येणारी! पण हॉर्न खरंच बंद पडतो हो! आणि मग दुसरा आवाज म्हणे, आणि तो बंद पडला की तुला आनंद होतो त्याचं काय? मामा म्हणाले ते खोटं असेल, तर राग कशाला? खरं असेल, तर राग कशाला? विचार करून करून मी दोन डॉक्टरांच्या कवळ्यांची अदलाबदल केली. आत्याला फोनवर दोघांची बोलणी खावी लागली.

मी गॅरेजकडे जाणं बंद केलं. वळणावर खिडकीतून डोकं बाहेर काढून "ओ, सरका!" म्हणून ओरडायला लागले. ते सोपं होतं.

आत्यानं काही दिवस पाहिलं. मग कवळी चाकावर घासता घासता, वर न बघता म्हणाली, "भाजीवाल्यासारखी ओरडतेस म्हणे वळणावर?"

"हॉर्न बिघडलाय."

"मग गॅरेज?"

"ते म्हणतात, बिघडलेला नाही."

"मग बिघडलंय काय?"

मी घासून झालेलीच एक कवळी परत घासायला घेतली. आत्यानं चाक बंद केलं. "उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शेजारी बसली. भिंतीचं वळण आलं. आत्या शेजारी असताना ओरडायची मला लाज वाटली. स्टिअरिंग डावीकडे फिरवत मी हॉर्न दाबला. गप्प. आणि भिंतीपलीकडून सायकलवर एक आजोबा आले. मी ब्रेकवर उभीच राहिले. आजोबा सायकलसकट कडेच्या झुडपात गेले. खरचटलं नाही, पण उठून त्यांनी माझा जो उद्धार केला तो सगळा मी मान खाली घालून ऐकला. आत्यानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, "गाडी काढून टाकू. परवा एक जण बघायला येतोय, मघाशी फोन केला मी. साचे आणायला माणूस ठेवू. तू आत बस माझ्यासोबत."

"आत्या..."

"गाडी गेली तर दुसरी येईल गं. तू गेलीस तर मी कुठून आणू?"

रात्रभर मला नाकात पांढरी पूड जाणवत राहिली.

सकाळी मी गाडी काढली. मनाशी एवढंच ठरवलं होतं, की गाडी विकली जाण्याआधी त्या माणसाला सांगायचं, मी खोटं बोलले नव्हते. पुढचं काही ठरलं नव्हतं. ठरवता येत असतं तर एवढा गोंधळ कशाला झाला असता?

गॅरेज गच्च भरलं होतं. एका टेम्पोच्या आणि एका उघड्या इंजिनाच्या मधे जरा जागा होती, तिच्यात मी गाडी तिरकीच घुसवली आणि स्टिअरिंग डावीकडे वळलेलं तसंच सोडलं.

"चाकं सरळ!" मामा ओरडले.

"नाही करणार!"

सगळं गॅरेज थांबलं. मामांचा चष्मा टकलावरून नाकावर आला. "काय म्हणालीस, पोरी?"

"आज माझंच चाक वाकडं आहे! काल माझ्या आत्यासमोर एक म्हातारा माणूस मरता मरता वाचला. उद्या आमची गाडी विकतायत. आणि तुम्ही म्हणता, हॉर्नला काही झालं नाही, मीच... मीच..." पुढचा शब्द तोंडातून निघेना. तो इंजिनामागून उठून उभा राहिला होता, हातात तार तशीच. त्याला पाहून मला आणखी संताप आला आणि मी मूठ वळून स्टिअरिंगच्या मधोमध हाणली.

काहीच वाजलं नाही.

पुन्हा हाणली. काही नाही. मी माझ्या मुठीकडे बघत राहिले.

"सरळ कर बरं आधी..." म्हणत मामांनी खिडकीतून हात घातला.

"मामा, हात लावू नका!"

तो असा ओरडला, की मामांनी हात विस्तवावरून काढावा तसा काढला. भाच्याचा एवढा मोठा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नसावा. तार टाकून, इंजिन ओलांडून तो आला, पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी बसला. धापा टाकत होता.

"हलवू नका. दाबा परत."

दाबलं. गप्प.

"आता अगदी थोडं... केसभर... उजवीकडे. बटण दाबूनच धरा."

केसभर वळवणं मला काही जमेना. त्यानं एक हात स्टिअरिंगवर ठेवला. अर्धा स्टिअरिंगवर होता, अर्धा माझ्या हातावर. आम्ही दोघांनी मिळून ते चाक हळूहळू फिरवलं, आणि एकाएकी भोंगा वाजला! परत डावीकडे आणलं, गप्प. आणखी डावीकडे नेलं, वाजला. मागे आणलं, गप्प.

"इथेच," तो पुटपुटला. "फक्त इथे."

माझ्या डोळ्यांपुढे भिंत आली. "हे... हे आमचं वळण आहे. भिंतीचं. तिथे चाक एवढंच वळतं."

त्यानं कपाळाला हात लावला. "आणि आम्ही काय करत होतो? तुम्ही दारात आलात की पहिलं काम, चाकं सरळ! दोष आत यायचा आणि आम्ही तो फाटकातच पुसून टाकायचो. मग म्हणायचो, दोष नाही!"

मामा खिडकीपाशी उभे होते. ते चष्मा काढून उगाच पुसायला लागले.

पुढचं काम मी शेजारी उभी राहूनच पाहिलं. त्यानं स्टिअरिंगचं चाक काढलं. खाली तांब्याची एक गोल कडी होती, बांगडीसारखी. तिच्यावर स्प्रिंगनं दाबलेलं एक टोक टेकलेलं. चाक फिरतं तशी कडी फिरते, आणि त्या टोकातून बटणाची खूण दारवानाकडे जाते, असं त्यानं सांगितलं. कडी सगळीकडून चकचकीत होती. फक्त एका जागी, तिळाएवढा, काळा जळका डाग.

"हा कशानं?"

"ठिणगीनं. बटण दाबलं की थोडी ठिणगी पडतेच. तुमच्या आत्यांनी इतकी वर्षं, मग तुम्ही, रोज त्याच वळणावर, चाक तेवढंच वळवून हॉर्न दाबलात. रोज तिथेच ठिणगी." त्यानं डागावरून नख फिरवलं. "जिथे ती सगळ्यात जास्त बोलली, तिथेच जळली बिचारी."

त्यानं डाग खरवडला, वितळलेल्या कथलाचा थेंब सोडला, कानशीनं घासून सारखा केला. मामा केव्हा टेम्पोमागे निघून गेले ते कळलंही नाही. मी कडीकडे बघत म्हणाले, "तुम्ही मला खोटारडी म्हणालात."

कानस थांबली. "मी? केव्हा?"

"'हॉर्न चांगला आहे, आता आणायची गरज नाही.' याचा अर्थ काय होतो?"

"त्याचा अर्थ..." त्याचे कान लाल झाले. "आम्ही दोष शोधताना काय करतो, एक भाग मधून काढून ठेवतो. तो नसतानाही काम चाललं तर कळतं, की त्याच्यावर काही अडलेलं नव्हतं. मामा तसं म्हणाले, आणि मला वाटलं... मधून हॉर्न काढून ठेवावा. आणि बघावं, तुम्ही येता का."

मी बघतच राहिले. "आणि मी आले नाही."

"नाही आलात. मी समजलो, हॉर्नसाठीच येत होता."

"अहो, हॉर्नसाठी येत असते तर आलेच असते ना! हॉर्न तर बंदच होता!"

त्यानं ते वाक्य मनात दोनदा फिरवलं असावं. "म्हणजे हॉर्नसाठी येत नव्हता, म्हणून आला नाहीत?"

"हो... म्हणजे नाही. म्हणजे हॉर्नसाठीही येत होते. पण तो चांगला वाजला की मला राग यायचा."

"थांबा, थांबा. माझं डोकं गरगरतंय."

"माझं तर मास्तरांचे दात पडले तेव्हापासून गरगरतंय!"

यावर तो हसला, आणि मग मीही. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते विचारू नका, मला आजही सांगता येत नाही.

त्यानं चाक परत बसवलं. मी ते डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, जिथे जिथे दाबलं तिथे तिथे हॉर्न वाजला. पूर्वीपेक्षाही मोठ्यानं.

"आता कधीच गप्प बसणार नाही," तो म्हणाला. चांगली बातमी होती, पण सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"कधीच?"

"कधीच. ...आता खरंच आणायची गरज नाही."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. आता बोलायचं होतं मी. सगळं तोंडाशी आलं होतं, आणि मी? मी मान हलवली आणि गाडी काढली. तेव्हा मला त्या काळ्या डागाची फार कीव आली.

भिंतीच्या वळणावर मी हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. घरी आत्याला गाडीत बसवून तेच वळण चार वेळा घेतलं. चौथ्या वेळी तिनं कानात बोटं घातली. "पुरे! आधी कुणाला मारणार होतीस, आता बहिरं करशील. सांगते त्या माणसाला, गाडी विकायची नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी घेतली. आत्या मेण तापवत होती.

"आज तर साचे नाहीत आणायचे," ती म्हणाली. "कुठे निघालीस?"

"गॅरेजात."

"आता काय बिघडलं?"

"काही नाही."

आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मेणाला कढ यायला लागला होता. मग ती उठली, माझ्या केसांवरची पांढरी पूड पदरानं झटकली आणि म्हणाली, "मग नीट जा. हॉर्न वाजवत जा."

फाटकातून आत शिरले तेव्हा मामा दारातच होते. तो आत कुणाच्या तरी गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. मी गाडी उभी केली. चाकं पार डावीकडे वळलेली.

"काय गं, पोरी," मामा म्हणाले, "आज काय बिघडलंय गाडीचं?"

"काहीच बिघडलेलं नाही, मामा," मी म्हणाले. आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "हॉर्न चांगला आहे. फ्यूज चांगला आहे. सगळं चांगलं आहे. मी नुसती आलेय."

गाडीखाली काहीतरी खणकन पडलं. ते पाय एकदम हलले, डोकं कुठेतरी आपटल्याचा आवाज आला, आणि मग तो बाहेर आला. कपाळावर काळा पट्टा. मी मूठ पुढे केली आणि उघडली. मास्तरांची कवळी केव्हाच तयार होऊन गेली होती, पण तो प्लास्टरचा दात मी आत्याला कधी दिलाच नव्हता.

त्यानं दाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून जपून ठेवलात?"

"...ठेवलास, म्हण," मी म्हणाले. तो इतका हसला, की टेम्पोवाला वाकून बघायला लागला. "बरं, ठेवलास," तो म्हणाला. "अहो-जाहो बंद. ...ठेवलास तू?"

"हो," मी म्हणाले. "ठेवला."

मामांनी माझ्या गाडीच्या वाकड्या चाकांकडे पाहिलं. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, हातही अर्धा वर गेला. मग त्यांनी तो हात टकलावरून फिरवला, चष्मा वर चढवला आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेले.

आमची गाडी दुपारपर्यंत तशीच उभी होती.